पृथ्वीच्या वातावरणाचे थर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वातावरणाच्या थरांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. थरांची नावे आणि उंची पाठ करणे सोपे असते, परंतु हे थर मुळात पडतात कशामुळे हे न कळल्याने पुढचे बहुतेक गोंधळ होतात. म्हणून निदान तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घाईने ओलांडू नये, अशी विनंती आहे.

१. वातावरणाचे थर किती आणि कोणते?

उंचीनुसार तापमान कसे बदलते हे पाहून पाच थर मानले जातात. जमिनीला लागून तपांबर, त्यावर सुमारे ५० किलोमीटरपर्यंत स्थितांबर, मग ८५ किलोमीटरच्या आसपासपर्यंत मध्यांबर, तिथून ५०० ते १,००० किलोमीटरपर्यंत उष्मांबर आणि त्यापलीकडे बाह्यांबर. तपांबर जिथे संपते त्या सीमेला तपस्तब्धी म्हणतात, आणि तिची उंची पृथ्वीवर सर्वत्र सारखी नसते (प्रश्न ७). काही पुस्तकांत तपांबराला क्षोभावरण म्हटलेले आढळते, तर उष्मांबराच्या जागी सरळ आयनांबर हे नाव दिलेले असते. यांपैकी दुसरी अदलाबदल थोडी फसवी आहे. तिचे कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

२. प्रत्येक थरात वेगवेगळे वायू असतात का?

नाही. सुमारे १०० किलोमीटरपर्यंत हवा सतत घुसळली जात असल्यामुळे नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के आणि आरगॉन सुमारे ०.९ टक्के हे प्रमाण जवळजवळ तेच राहते. बाष्प आणि ओझोन (तीन अणूंच्या रेणूंचा ऑक्सिजन) हे त्याला अपवाद आहेत, आणि हे दोन अपवादच पुढच्या बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी आहेत. शंभर किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ होते की घुसळण थांबते आणि वायू आपापल्या वजनाप्रमाणे वेगळे होऊ लागतात. सर्वांत वर हेलियम आणि हायड्रोजन उरतात.

३. हवा तर एकसंध आहे, मग तिच्यात थर पडतात कशामुळे?

सूर्याचा प्रकाश तीन वेगवेगळ्या उंचींवर अडतो, म्हणून. दृश्य प्रकाशाला हवा फारसा अटकाव करत नाही; तो जमिनीपर्यंत आणि समुद्रापर्यंत पोहोचतो, त्यांना तापवतो, आणि मग जमीन खालून हवेला तापवते. अतिनील किरणांचा मोठा भाग मात्र वाटेतच ओझोन शोषून घेतो, त्यामुळे ५० किलोमीटरच्या आसपासची हवा ऊबदार असते. त्याहून तीव्र अतिनील किरण आणि क्ष-किरण तर १०० किलोमीटरच्या वरच ऑक्सिजन व नायट्रोजन अडवतात. एका उभ्या घरात तळमजल्यावर, मधल्या मजल्यावर आणि गच्चीवर अशा तीन चुली पेटवाव्यात, तसे हे आहे. चुलीपासून दूर जाताना गार वाटते, पुढच्या चुलीकडे सरकताना पुन्हा ऊब लागते. तापमान जिथे जिथे दिशा बदलते, तिथे तिथे आपण थराची सीमा मानली आहे. सीमेवर भिंत नसते, आणि ती ओलांडताना डोळ्यांना काही जाणवत नाही.

हे लक्षात यायला विसावे शतक उजाडावे लागले. त्याआधी वर जावे तसे तापमान घटतच जाते, अशी सर्वसाधारण समजूत होती. फ्रान्सचे लेऑन तेसेराँ द बोर यांनी तापमापक बांधलेले दोनशेहून अधिक फुगे सोडले. सुमारे ११ किलोमीटरनंतर तापमान घटायचे थांबते असे त्यांना वारंवार दिसले, तेव्हा प्रथम उपकरणावर ऊन पडून चूक होत असावी अशी शंका आली, आणि ती दूर करण्यासाठी त्यांनी रात्रीही फुगे सोडले. रात्रीही तेच दिसल्यावर १९०२ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष जाहीर केला. त्याच वर्षी जर्मनीत रिचर्ड आसमान यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवून दिले.

४. डोंगरावर आपण सूर्याच्या जवळ जातो, मग तिथे थंडी का वाजते?

सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यात आठ-नऊ किलोमीटरांनी काहीच फरक पडत नाही. तपांबरातील हवा जमिनीकडून तापते, म्हणजे डोंगर चढताना आपण सूर्याजवळ जाण्यापेक्षा खालच्या चुलीपासून दूर जात असतो. शिवाय वर चढणारी हवा कमी दाबामुळे पसरते, आणि पसरताना स्वतःची उष्णता खर्च करून थंड होते. या दोन्हींचा मिळून परिणाम असा, की दर किलोमीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते.

५. उंचीवर दम लागतो, म्हणजे तिथल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते का?

प्रमाण तेच, २१ टक्के, असते. कमी होतो तो दाब. साडेपाच किलोमीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि एव्हरेस्टच्या शिखरावर तो साधारण एक तृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात येणारे रेणूच कमी असतात.

याचे अतिशय जवळून पाहिलेले वर्णन ५ सप्टेंबर १८६२ चे आहे. जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल हे दोघे इंग्लंडमधून फुग्यातून वर गेले. आठ किलोमीटरच्या पुढे ग्लेशर यांना तापमापकातील पाऱ्याची रेघ दिसेना, हात उचलेना, आणि थोड्याच वेळात त्यांची शुद्ध हरपली. कॉक्सवेल यांचे हात थंडीने निकामी झाले होते. त्यांनी वायू सोडणाऱ्या झडपेची दोरी दातांत धरून ओढली, म्हणून फुगा खाली आला. हे दोघे अजून तपांबरातच होते, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते. १९ किलोमीटरच्या आसपास तर दाब इतका घटतो की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळते, आणि त्यापुढे दाबयुक्त पोशाखाशिवाय माणूस जगू शकत नाही.

६. पाऊस, ढग, वादळे तपांबरातच का असतात?

कारण दोन गोष्टी तिथेच एकत्र येतात: खालून तापणारी हवा आणि जवळजवळ सगळे बाष्प. तळाशी गरम आणि वर थंड अशी रचना अस्थिर असते, त्यामुळे हवा उसळत राहते. स्थितांबरात याच्या उलट, खाली थंड आणि वर ऊबदार हवा असते. जड हवा आधीच तळाशी बसलेली असल्यामुळे ती वर येत नाही. परिणामी तपस्तब्धी झाकणासारखे काम करते. मोठा गडगडाटी ढग पाहावा: त्याचा माथा वर जाता जाता अचानक अडल्यासारखा होतो आणि ऐरणीसारखा सपाट पसरतो. जिथे तो पसरतो तिथेच तपांबराचे छत असते. फार जोरदार ढगाचा मधला फुगवटा क्षणभर या छतावर डोके काढतो आणि पुन्हा खाली बसतो.

या झाकणाचे दुसरे काम मात्र फारसे कोणी सांगत नाही. उष्ण कटिबंधात तपस्तब्धीपाशी तापमान उणे ८० अंशांच्या आसपास असते. वर जाऊ पाहणारे बाष्प तिथे गोठून खाली पडते आणि स्थितांबरात हवेच्या दहा लाख रेणूंमागे पाण्याचे केवळ काही रेणू पोहोचतात. पाणी त्याहून वर सहज पोहोचत असते, तर अतिनील किरणांनी त्याचे तुकडे केले असते आणि त्यातील हलका हायड्रोजन अवकाशात निसटला असता (प्रश्न १७).

७. विषुववृत्तावर ऊन जास्त, मग तिथली तपस्तब्धी ध्रुवांपेक्षा थंड कशी?

हा विरोधाभास खरा आहे आणि त्याचे उत्तर उंचीत आहे. उष्ण भागात हवा जोराने वर उसळते, त्यामुळे तपांबराचे छत १६ ते १८ किलोमीटरवर जाते. ध्रुवांपाशी ते ८ ते ९ किलोमीटरवरच असते. दर किलोमीटरला होणारी घट दुप्पट उंचीपर्यंत चालू राहिल्यामुळे, जमिनीवर सुरुवात गरम असूनही शेवट अधिक थंड होतो. ऋतूनुसारही ही सीमा वर-खाली होते.

८. प्रवासी विमाने स्थितांबरात उडतात का?

कधी हो, कधी नाही. विमाने सहसा १० ते १२ किलोमीटरवर उडतात. ध्रुवांकडच्या प्रदेशात ही उंची स्थितांबरात मोडते, तर उष्ण कटिबंधात ती तपांबरातच येते. म्हणूनच तिथे मोठे ढग विमानाच्याही वर गेलेले असतात आणि वैमानिकाला त्यांना वळसा घालावा लागतो. ‘विमाने स्थितांबरात उडतात’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य म्हणूनच अर्धेच बरोबर आहे.

९. ओझोनचा थर किती जाड आहे? आणि ओझोन विषारी असतो असेही वाचले, ते खरे का?

ओझोन मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेला आहे, पण तिथेही तो हवेच्या दहा लाख रेणूंमागे जेमतेम दहाच्या आतबाहेर असतो. सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाखाली एकत्र आणला, तर त्याचा थर सरासरी सुमारे ३ मिलिमीटर जाड भरेल. ‘थर’ या शब्दामुळे छपरासारखे काहीतरी डोळ्यांपुढे येते. वस्तुस्थिती तशी नाही.

येथे एक चाणाक्ष उपप्रश्न नेहमी येतो: ओझोन सर्वाधिक २०-२५ किलोमीटरवर, तर तापमान सर्वाधिक ५० किलोमीटरवर, असे का? कारण अतिनील किरण वरून येतात आणि वरच्या थोड्या ओझोनलाच आधी भेटतात. तिथली हवा अतिशय विरळ असल्यामुळे थोड्या उष्णतेनेही तिचे तापमान बरेच वाढते. खाली ओझोन जास्त असला, तरी तिथपर्यंत पोहोचणारे किरण कमी आणि तापवायची हवा अधिक असते.

जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना आणि पिकांना खरोखरच अपायकारक असतो. रेणू तोच; तो वर किरण अडवतो आणि खाली आपल्या श्वासात जातो, एवढाच फरक.

१०. ओझोनचे छिद्र अंटार्क्टिकावरच का पडले? आणि त्याच छिद्रातून उष्णता आत येऊन पृथ्वी तापते का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही. तापमानवाढीचे मुख्य कारण हरितगृह वायू आहेत (प्रश्न १४). ओझोनचा क्षय हा निराळा विषय आहे.

क्लोरोफ्लोरोकार्बन ही शीतयंत्रांत आणि फवाऱ्यांत वापरली जाणारी क्लोरीनयुक्त रसायने जगभर वापरात होती, तरी छिद्र दक्षिण ध्रुवावर पडले, याचे कारण तिथला हिवाळा. अंधाऱ्या महिन्यांत तिथली हवा एका भोवऱ्यात कोंडली जाते आणि स्थितांबराचे तापमान उणे ७८ अंशांच्या खाली उतरते. अशा थंडीत एरवी कोरड्या असलेल्या स्थितांबरातही ढग तयार होतात, आणि त्यांच्या कणांच्या पृष्ठभागावर क्लोरीन सक्रिय रूपात मोकळा होतो. सप्टेंबरमध्ये ऊन परतले, की तो ओझोनवर तुटून पडतो. फ्रँक शेरवुड रोलँड आणि मारिओ मोलिना यांनी १९७४ मध्येच क्लोरीनचा धोका सांगितला होता. प्रत्यक्ष छिद्राची नोंद १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८७ मध्ये अशा रसायनांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. सध्याची धोरणे कायम राहिली तर २०६६ च्या सुमारास अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या पातळीवर येईल असा अंदाज आहे. उत्तर ध्रुवावरचा भोवरा सहसा दुबळा असतो, म्हणून तिथे इतकी घट होत नाही. २०२० चा वसंत मात्र याला अपवाद ठरला आणि तिथेही मोठी घट नोंदली गेली.

११. मध्यांबरात हवा नाममात्र असते, मग उल्का तिथे जळतात कशा?

वेगामुळे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते. या वेगाला विरळ हवेचे रेणूही तिच्यावर प्रचंड ऊर्जेने आदळतात, आणि मोठ्या दगडासमोर तर हवा दबून तापते. आपण ‘घर्षणाने जळते’ असे म्हणतो, पण त्यात या दाबण्याचा वाटा मोठा असतो. बहुतेक उल्का वाळूच्या कणाएवढ्या असतात. त्या १०० किलोमीटरच्या आसपास उजळतात आणि त्यांतील बऱ्याचशा ८० किलोमीटरच्या आसपास संपतात. त्यांच्या वाफेतील सोडियमचा पातळ पट्टा ९० किलोमीटरच्या सुमारास कायम असतो. खगोलशास्त्रज्ञ लेसरने तो चमकवून आकाशात कृत्रिम तारा तयार करतात आणि त्याच्या आधारे दुर्बिणीची प्रतिमा सुधारतात.

१२. उष्मांबराचे तापमान हजार अंशांच्या वर असते, तर अवकाशस्थानक वितळत का नाही?

तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापमान म्हणजे एकेक रेणू किती वेगाने धावतो याचे माप. उष्णता मात्र असे किती रेणू आहेत यावरही ठरते. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते. तिथले रेणू वेगवान असले, तरी हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा अब्जावधी पटींनी विरळ आहे, त्यामुळे ते स्थानकाला जाणवण्याइतकी उष्णता देऊच शकत नाहीत. स्थानकाचा बाहेरचा भाग तापतो तो थेट उन्हाने, आणि सावलीत तो कमालीचा थंड होतो. फुलबाजीची ठिणगी हातावर पडली तरी सहसा मोठा चटका बसत नाही, पण तिच्याहून कितीतरी कमी तापमानाचे उकळते पाणी भाजते, तसेच हे आहे.

मात्र ही विरळ हवा नगण्य नाही. सूर्य सक्रिय असताना उष्मांबर तापून फुगते आणि उपग्रहांना अधिक अडथळा करते. १९७९ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचे अवकाशस्थानक अपेक्षेआधी कोसळले, त्याला हेच कारण झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका चुंबकीय वादळानंतर नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक (इंटरनेट पुरवणाऱ्या) उपग्रहांपैकी बहुतेक याच कारणाने गमवावे लागले.

१३. आयनांबर हा सहावा थर आहे का?

नाही. आयनांबर तापमानावरून नव्हे, तर विद्युतभारावरून ठरते. सूर्यकिरणांनी अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे केलेला हा भाग ६० किलोमीटरच्या आसपास सुरू होऊन कित्येकशे किलोमीटर वर जातो, म्हणजे तो मध्यांबराच्या वरच्या भागात आणि उष्मांबरात पसरलेला आहे. म्हणूनच उष्मांबराला आयनांबर म्हणणे पूर्ण बरोबर नाही.

मार्कोनी यांनी डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार रेडिओ संदेश मिळाल्याचे सांगितले, तेव्हा पृथ्वीच्या गोलाईपलीकडे रेडिओ लहरी पोहोचल्या कशा, हे कोडे होते. वर परावर्तन करणारा थर असल्याचे एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ मध्ये प्रयोगाने दाखवले. रात्री मध्यम लहरींवर दूरदूरची रेडिओ केंद्रे ऐकू येतात, कारण लहरी शोषणारा आयनांबराचा सर्वांत खालचा भाग सूर्यास्तानंतर नाहीसा होतो आणि वरचा परावर्तक भाग टिकतो. जीपीएसचे संकेतही येथून जाताना किंचित रेंगाळतात आणि ती चूक हिशोबाने काढून टाकावी लागते.

१४. पृथ्वी तापत आहे, तर स्थितांबर थंड का होत आहे?

ही बातमी वाचून तापमानवाढच खोटी असावी असे काहींना वाटते; प्रत्यक्षात तो तिचा पुरावा आहे. तपांबरात कार्बन डायऑक्साइड जमिनीकडून येणारे अवरक्त किरण अडवतो आणि खालच्या भागाला ऊब धरून ठेवतो. स्थितांबराची ऊब मात्र ओझोनकडून येते, आणि तिथला कार्बन डायऑक्साइड ती उष्णता अवकाशात फेकण्याचे काम करतो. तो वाढला की थंडावाही वाढतो. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने हे आधीच वर्तवले होते. सूर्यच अधिक तापल्यामुळे वाढ होत असती, तर दोन्ही थर एकत्र तापले असते. ओझोन घटल्यामुळेही स्थितांबर काही प्रमाणात थंड झाले, हे येथे जोडले पाहिजे.

१५. ‘या थरात तापमान घटते, त्या थरात वाढते’ हा नियम कधी मोडतो का?

मोडतो, आणि तेही वारंवार. हिवाळ्यात निरभ्र, शांत रात्री जमीन झपाट्याने निवते आणि तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. पहाटे धूर सरळ वर न जाता ठराविक उंचीवर आडवा पसरलेला दिसतो तो यामुळेच, आणि शहरांत प्रदूषण कोंडते तेही अशाच दिवशी.

स्थितांबरातही हिवाळ्यात ध्रुवाजवळ कधीकधी काही दिवसांत तापमान ४०-५० अंशांनी चढते. बर्लिनमधील रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ मध्ये ते प्रथम नोंदले, आणि अशा वाढीनंतरच्या आठवड्यांत खालच्या हवामानावरही परिणाम होऊ शकतो. सर्वांत चमत्कारिक अपवाद मात्र मध्यांबराच्या माथ्यावर आहे: तिथे ध्रुवावर चोवीस तास ऊन असतानाच, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तापमान उणे १३० अंशांच्या आसपास उतरते, कारण त्या काळात तिथली हवा वर चढत असते आणि पसरून निवते. तिथेच सुमारे ८३ किलोमीटरवर बर्फकणांचे ढग तयार होतात, जे सूर्यास्तानंतरही खालून ऊन पडल्यामुळे निळसर चमकतात.

१६. ज्वालामुखीची राख सगळ्याच थरांत जाते का?

लहान उद्रेकाची राख तपांबरातच राहते आणि दिवसांत किंवा आठवड्यांत पावसाबरोबर खाली येते. स्थितांबरात पाऊस नाही, त्यामुळे तिथे पोहोचलेल्या सल्फर डायऑक्साइडपासून बनलेले कण एक-दोन वर्षे तरंगतात. फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीच्या १९९१ च्या उद्रेकानंतर पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या समुद्राखालील ज्वालामुखीचा लोट सुमारे ५७ किलोमीटरवर, म्हणजे मध्यांबरात पोहोचला. त्याने स्थितांबरात सुमारे १५ कोटी टन पाणी नेले, म्हणजे तिथल्या एकूण बाष्पाच्या जवळपास दहावा हिस्सा.

१७. शेवटी वातावरण संपते कुठे? चंद्र वातावरणात आहे, हे खरे का?

वस्तुमानाच्या दृष्टीने ते फार लवकर संपते: निम्मी हवा साडेपाच किलोमीटरच्या खाली आणि ९९ टक्के सुमारे ३० किलोमीटरच्या आत आहे. पृथ्वी २२ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू मानली, तर तपांबर दोन कागदांच्या जाडीइतके भरेल. व्यवहारात १०० किलोमीटरवरील कार्मान रेषेला अवकाशाची सुरुवात मानतात. अमेरिकेत सुमारे ८० किलोमीटरची रेषा वापरली जाते. दोन्ही सोयीसाठी ठरवलेल्या आहेत, निसर्गात तिथे काही तुटत नाही. बाह्यांबरातील हायड्रोजनचा अतिविरळ ढग सुमारे ६,३०,००० किलोमीटरपर्यंत पसरला असल्याचे सोहो या अवकाशयानाच्या निरीक्षणांवरून २०१९ मध्ये दाखवण्यात आले, आणि चंद्र त्याच्या आतच फिरतो. मात्र तेवढ्यावरून चंद्रावर आपली हवा आहे असे म्हणणे म्हणजे शब्दांचा खेळ होईल.

या टोकावरून हायड्रोजन सतत निसटतो, सेकंदाला सुमारे ३ किलो. समुद्रांतील पाण्यात असलेला सगळा हायड्रोजन या वेगाने संपायला पृथ्वीच्या आजवरच्या वयाच्या तीनशेहून अधिक पट काळ लागेल. हा वेग इतका कमी राहण्याचे मोठे श्रेय प्रश्न ६ मधील थंड झाकणाला आहे.